बाबांच्या मशीनचा हीटसिंक

३ सप्टेंबर

साहेब,

मोठ्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला अनेक आशीर्वाद लिहायचे असतात. मी लिहीत नाही. सध्या माझ्याकडे ते शिल्लक नाहीत, उगाच खोटं कशाला लिहू? माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून ही कागद-पेनाची वेळ आणलीस माझ्यावर. पत्ता तरी खरा दिलायस ना?

बाबांचं मशीन बंद पडत चाललंय. सुरू केलं की पंखा घोंघावायला लागतो, कॉम्प्युटरच्या पेटीची कड हाताला चटका देते आणि चार मिनिटांत पडदा काळा. मग पंधरा मिनिटं हात जोडून बसायचं आणि पुन्हा बटण दाबायचं. मागच्या वर्षी तासभर चालायचं. उन्हाळ्यात अर्ध्या तासावर आलं. आता चार मिनिटं. आणि तुझ्या त्या आठ बटणांवर बाबांना एक धड वाक्य जुळवायला पाच मिनिटं लागतात. म्हणजे गेले तीन आठवडे आपल्या बापाचं एकही वाक्य पुरं झालेलं नाही.

तुला विसर पडला असेल म्हणून सांगते. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला, मान सतत हलत असते, त्यामुळे हो म्हणतायत की नाही ते परमेश्वरालाही कळत नाही. डोकं मात्र पहिल्यासारखंच, तिखट. त्या डोक्यातलं बाहेर यायला एकच दार आहे, ते तुझं मशीन: बटणं दाबून वाक्य जुळवायचं, की आतली बाई ते मोठ्याने बोलते. मोबाईल देऊन पाहिला. अक्षरं बारीक, हात थरथरता. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो खिडकीतून भिरकावला. खालच्यांची चादर वाळत होती म्हणून मोबाईल वाचला आणि माझी भांडणं वाचली. अक्षरांचा तक्ता पुढे धरला तर माझ्याकडे असे बघतात की मीच तक्ता मागे घेते.

आता खरी गोष्ट. डॉक्टरांनी मानेतल्या शिरेचं ऑपरेशन सांगितलंय, चोवीस तारखेला. शीर तुंबलीय. नाही केलं तर दुसरा झटका कधीही येईल, आणि तो शेवटचा असेल. केलं तर टेबलावरही धोका आहेच, पण कमी. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "काका, तयार आहात ना?" बाबा काही बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, पेशंटला सांगता येत नसेल तर जवळच्या नातेवाइकाने सही करायची. फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे.

दोन वर्षांपूर्वी तू दारात उभा राहून मला म्हणालास, "ताई, तू मुद्दाम बटण बंद केलंस." आठवतंय? तू बाबांना विचारलं होतंस, माझ्याकडे राहायला येता का. मशीनमधली बाई "मला" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. माझा पाय जमिनीवरच्या विजेच्या बोर्डाजवळ होता म्हणून मी चोर. मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते, मी त्या बटणाला हात लावला नव्हता. पाय पण नाही.

हे मशीन तू बनवलंस. तूच त्यात काय काय भरलंस. दुकानवाल्याला काही कळत नाही. तेव्हा एक तर ये, नाहीतर काय करायचं ते लिही. गप्प बसण्याचा तुझा तो मोठेपणा पुरे झाला आता.

ताई

११ सप्टेंबर

साहेब,

तुझं पाकीट मिळालं. दारातच फोडलं. वाटलं, आत चार ओळी असतील. बाबा कसे आहेत. ऑपरेशनचं काय ठरलं. तू कशी आहेस, एवढं तर माणूस परक्यालाही विचारतो.

आत काय, तर छापील कागद! "प्रोसेसरचा हीटसिंक बदलण्याची पद्धत. एकूण चौदा पायऱ्या." खाली सही नाही, वर नाव नाही. सरकारी कचेरीतून नोटीस यावी तसा. तळाशी पेनाने एक ओळ: "तू स्वतः करू नकोस, माणसाकडून करून घे."

मी माणूस नाही का रे?

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. कागद चुरगळून टाकला. मग पुन्हा उचलून त्याला इस्त्री केली, कारण त्यातलं एक वाक्य कामाचं होतं: "वारंवार बंद पडण्याचं कारण उष्णता. प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा उष्णता ओढून घेत नाहीये." एवढं तरी कळलं. हीटसिंक म्हणजे तो पंखा लावलेला पत्र्यांचा ठोकळा ना? मागे तूच एक भलामोठा आणून बसवला होतास. "जुना लहान पडतो, बघा आता कसं थंड राहतं." बघितलं की. त्याच महिन्यापासून बंद पडायला लागलं. तर तू काय म्हणालास? ताई त्यावर कापड घालते. ताई स्वयंपाक करते, त्याची वाफ जाते. ताई झाडू मारते, त्याची धूळ जाते. मी श्वास घेते म्हणून गरम होतं, एवढंच म्हणायचं ठेवलंस.

ते कव्हर मी विणलेलं होतं. त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं. मशीन स्वयंपाकघराच्या भिंतीपासून काढून बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशी नेलं. दोन वर्षं, दर रविवारी, रंगाच्या ब्रशने त्याच्या जाळ्या झाडतेय मी. दातांच्या दवाखान्यात आठवडाभर लोकांच्या तोंडातली घाण साफ करायची आणि रविवारी तुझ्या मशीनची. आणि तरी ते बंद पडतंच. प्रत्येक वेळी ते बंद पडलं की मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं.

तुझ्या "माणसाकडे" पण गेले होते. कोपऱ्यावरचा दुकानदार घरी आला, पेटीला कान लावला आणि म्हणाला, "हीटसिंक गेलाय, बदलावा लागेल. पेटी ठेवून घेतो, आठ-दहा दिवस लागतील. आतलं सगळं पुसून नव्याने टाकून देतो, एकदम चकाचक." मी म्हटलं, पुसून म्हणजे? आत आमच्या वडिलांचा आवाज आहे. तो म्हणाला, "त्याची कॉपी असेलच ना, ताई." आहे का रे कॉपी? नाही. इंजिनिअर साहेबांनी ठेवलीच नाही. त्याने पेटी उचलायला हात घातला तशी बाबांनी पलंगावरून वाकून तिच्यावर डावा हात ठेवला. तो पठ्ठ्या ओढतोय आणि बाबा सोडत नाहीत. शेवटी मीच त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

नवा हीटसिंक त्याच्याकडून घेतलाय, प्रोसेसर आणि ठोकळ्याच्या मध्ये लावायच्या पेस्टची छोटी सिरिंज सोबत आली. "ताई, तुम्हाला नाही जमायचं," म्हणाला. तू तिकडून लिहितोस, तो इथून सांगतो. मी रविवारी स्वतः करणार आहे.

आणि हो, तू विचारलं नाहीस तरी सांगते. बाबा बरे आहेत. माझ्या आमटीला नाकं मुरडण्याइतके बरे आहेत.

ताई

१५ सप्टेंबर

नालायक माणसा,

आज साहेब वगैरे काही नाही. हे पत्र तू बसून वाच. पाणी पिऊन घे आधी.

दुपारी जेवणं आटोपल्यावर टेबल रिकामं केलं, जुनी चादर पसरली. बाबांची खुर्ची टेबलाला लावली. त्यांना चमचा दिला, कारण मशीन बंद, म्हणजे आजच्या कामापुरतं बाबांचं बोलणं चमच्यावर. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे कर. हा कायदा त्यांनीच घालून दिला, मला विचारलं नाही. चाळीस वर्षं ट्रकची इंजिनं उघडलेला माणूस, त्याला काय हौस आली होती म्हणून सांगू! सकाळपासून दाढी करून बसले होते.

तुझ्या कागदाप्रमाणे आधी चार मिनिटं मशीन चालवून गरम केलं, म्हणजे वाळलेली पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायरी काढल्या, पेटी आडवी केली, पंख्याची बारीक वायर सोडवली, चारी स्क्रू ढिले केले. तरी ठोकळा हलेना. मी दोन्ही हातांनी धरून वर ओढणार, तेवढ्यात चमच्याचा एक टोला. तुझी पाचवी पायरी पण तेच सांगते म्हणा: सरळ ओढलं तर प्रोसेसर जागेवरून उपटून येतो आणि त्याच्या केसाएवढ्या पायांना बाक येतो, मग सगळंच गेलं. पण मला ना तुझा कागद लागला ना चमचा. पंधरा वर्षं मी डॉक्टरबाईंच्या शेजारी उभी राहून दात काढताना बघतेय. अक्कलदाढ कोणी सरळ ओढत नाही, आधी इकडून तिकडे हलवून सैल करतात. तसंच केलं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. पाचव्या-सहाव्या वेळी सुटला.

ठोकळा उलटा करून बघते तर तळ कसा चकाचक! वाळलेली पेस्ट वरच्यावर, तिच्याखाली धातू नवाकोरा. मला वाटलं, वा, चांगला टिकलाय. बाबांनी हात पुढे केला, मी दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडाकडे धरला, तिरका केला आणि अंगठ्याचं नख एका कोपऱ्यात घातलं. आणि सोललं.

फिल्म. पारदर्शक प्लास्टिकची फिल्म. खोक्यातून येताना तळाला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली. त्यावर लाल अक्षरात छापलंय, "बसवण्याआधी काढा". तू काढली नाहीस! प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये अडीच वर्षं ते प्लास्टिक बसलं होतं. उष्णता जाणार कशी, डोंबलाची?

मी तुझा कागद शोधला. सातवी पायरी, तुझ्याच शब्दांत: "तळाची फिल्म काढणे. (बहुतेक नवखे लोक हे विसरतात.)"

बाबा हसायला लागले. आवाज तर नाहीच, नुसते खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. झटका आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि मी तिथे हातात तो कागद घेऊन रडतेय. रागाने. ऐकतोयस का? दोन वर्षं मी ब्रश मारतेय त्या जाळ्यांना. दोन वर्षं माझं कापड, माझ्या स्वयंपाकाची वाफ, माझ्या झाडूची धूळ. माझ्यावर आळ घेऊन तू घर सोडलंस, माझं तोंड बघायचं नाही म्हणालास. बटण कोणी बंद केलं विचारत होतास ना? तुझ्या फिल्मने केलं. तू केलंस!

असो. पुढचं ऐक, कारण तुला वाटत असेल ताईने मशीन फोडलं.

प्रोसेसर आमच्या दवाखान्यातल्या स्पिरिटच्या बोळ्यांनी पुसला. पेस्ट वाटाण्याएवढी घातली, त्यात मला कोणी शिकवायला नको, दात भरायचं सिमेंट मीच कालवते. नव्या ठोकळ्याची फिल्म बाबांनी स्वतः काढली आणि तळ दोनदा नखाने खरवडून पाहिला, अजून एखादी नाही ना म्हणून. मग मी बसवला आणि एका कोपऱ्याचा स्क्रू घट्ट पिळायला घेतला, तर टेबलावर असा टोला की कपबशी नाचली. बाबांनी बोटाने हवेत फुली काढून दाखवली. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवतात तसं. एक पिळा इथे, मग समोरच्या तिरप्या कोपऱ्याला, मग उरलेले दोन, पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर एका बाजूला दाबतो आणि दुसरीकडे उचलतो. तुझ्या बाराव्या पायरीत नुसतं "स्क्रू घट्ट करणे" लिहिलंय. त्यापेक्षा आपल्या बापाला जास्त कळतं.

मशीन सुरू केलं. पडद्यावर पांढरी अक्षरं, पंखा सापडत नाही म्हणे. मी किंचाळले असेन, कारण बाबांनी चमचा कपाळाला लावला. मग त्याच चमच्याने लोंबणारी वायर दाखवली. पंख्याची वायर लावायची मीच विसरले होते. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. मी कबूल करते, लपवत नाही तुझ्यासारखी.

आणि मग ते चाललं. चार मिनिटं. दहा. चाळीस. पेटीला हात लावला तर गार. मी घड्याळाकडे बघतेय आणि बाबा बटणं दाबतायत. तुझी ती बातम्या देणाऱ्या आवाजातली बाई पहिलं पुरं वाक्य बोलली: "चहा टाक, तोंड काय बघतेस."

चहा पिऊन झाल्यावर दुसरं: "फिल्मचं त्याला सांगू नको. वाईट वाटेल."

मी सांगतेय. वाटू दे.

ताई

२३ सप्टेंबर

आज कोणत्या नावाने हाक मारू कळत नाही. आधी तू मला ओरडणार आहेस, ते मी सोसेन. पण सगळं वाचून मग ओरड.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की डॉक्टरांनी विचारल्यावर बाबा काही बोलले नाहीत. ते खोटं होतं. बाबांनी डावा हात उचलून हवेत बोटं दाबून दाखवली, आपण बटणं दाबतो तशी. मशीनवर सांगतो, असं म्हणत होते. डॉक्टरांनी मला विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "काही नाही, हात असाच हलतो त्यांचा." बाबांच्या देखत म्हटलं. त्यांनी हात खाली घेतला आणि घरी येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

मी असं का म्हटलं? कारण मला ठाऊक होतं ते काय म्हणणार. मला ऑपरेशन करायचं होतं. मला माझा बाप अजून पाच वर्षं, दहा वर्षं, आमटीला नाकं मुरडत हवा होता. मशीन बंद असलं की माझी सही पुरत होती. सरळ हिशेब होता. पेस्ट लावतानासुद्धा माझ्या मनात आलं होतं, थोडी चूक झाली तर कोण बघतंय? तुलाच वाटलं असतं, ताईला नाहीच जमलं.

पण समोर तो माणूस दाढी करून बसला होता ना रे. नाही झाला धीर.

आता दुसरं. दोन वर्षांपूर्वी मी बटण बंद केलं नव्हतं, हे खरंच. पण पंधरा मिनिटांनी ते पुन्हा सुरू होतं, हे मला माहीत होतं. तू बॅग भरत होतास, खाली टॅक्सी उभी होती. बाबा पेटीकडे बोट दाखवत होते. मी तुला म्हणाले, "जळलं ते, आता दुकानात द्यावं लागेल." तू गेलास. सुरू केलं ते मी दुसऱ्या दिवशी. मला भीती वाटली की ते तुझ्याबरोबर येतो म्हणतील. आई गेल्यावर मला त्या घरात दुसरं कोण होतं? आणि तो ठोकळा तू बसवत होतास तेव्हा मी तुझ्या डोक्यावर उभी राहून बाबांनी कुणाकडे राहायचं यावरूनच तुझ्याशी भांडत होते, तेही आठवलं. फिल्म राहिली त्यात थोडा माझाही हात आहे. थोडाच. तुझा जास्त.

परवा मी बाबांना शेवटी विचारलं. म्हटलं, बाबा, त्या दिवशी तुम्ही "मला" म्हणालात, पुढे काय म्हणायचं होतं? त्याच्याकडे जायचं होतं की माझ्याकडे राहायचं होतं? त्यांनी सावकाश बटणं दाबली. ती बाई बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "मला लघवीला लागली होती. तुम्ही दोघं भांडत होता."

मी कपाळावर हात मारला. दोन वर्षं! दोन वर्षं आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, ते या वाक्यावरून. मग मी विचारलं, पण जायचं होतं का? तर म्हणाले, "कुणी नीट विचारलंच नाही. दोघंही नुसते मागत होता."

जसंच्या तसं लिहिलंय. दोनदा वाच.

आज त्यांना दवाखान्यात भरती करायचं होतं. मी मशीन सोबत नेलं. पेटी माझ्या मांडीवर, पडदा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पायाशी, बटणांची फळी बाबांच्या कुशीत. टॅक्सीवाला म्हणाला, "घर बदलताय का?" डॉक्टरांच्या खोलीत एक्स-रे बघायच्या दिव्याची वायर काढून तिथे आपली लावली. नर्स आरडाओरडा करत होती. मी म्हटलं, दहा मिनिटं माझ्या बापाला बोलू द्या, मग मला बाहेर काढा. डॉक्टर तसे भले आहेत. खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "काका, आता तुम्ही सांगा."

मी मागे उभी राहून पेटीवर हात ठेवला होता. गार होती. एवढी मोठी खोली, आणि नुसता बटणांचा टकटक आवाज.

"ऑपरेशन नको."

डॉक्टरांनी सगळं पुन्हा समजावलं. शीर, झटका, टक्केवारी, कागदावर चित्र काढून. बाबांनी पूर्ण ऐकलं. "कळलं. तरी नको."

डॉक्टर म्हणाले, कारण सांगाल का? सात मिनिटं लागली त्यांना. मशीन एकदाही अडखळलं नाही. "टेबलावर अर्धा वाचलो तर उरलेला हातही जाईल. मग ही बटणं कोण दाबणार? आहे तेवढं बोलून जातो."

मी भांडले. डॉक्टरांसमोर, नर्ससमोर. म्हटलं, बाबा, हे तुमचं एकट्याचं आहे का? माझं काय? मी काय करू मागे? लाज वाटली नाही मला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि डावा हात बटणांवर नव्हे, माझ्या हातावर ठेवला. मी तो झटकला. झटकला रे मी त्यांचा हात. मग पुन्हा धरला.

उद्या सकाळी साडेसातला त्यांना आत नेणार होते. मी त्या रविवारी पेटीला हात लावला नसता, तर उद्या त्यांचं ऑपरेशन झालं असतं. दुपारपर्यंत मला कळलं असतं वाचले की नाही. मी माझ्या हातांनी, स्पिरिटने पुसून, फुली काढत स्क्रू पिळून, त्यांना नको म्हणायची सोय करून दिली. वर तू म्हणायचास की ताई त्यांना बोलू देत नाही.

आता आम्ही घरी आलोय. ते चहा पितायत आणि फिक्का आहे म्हणून मशीनवर तक्रार करतायत. ऑपरेशन नाकारल्याचा दुसरा फॉर्म मिळालाय. त्यावर बाबांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. खाली घरच्यांच्या सहीची जागा आहे. डॉक्टर म्हणाले, मुलीची एकटीची चालेल. बाबांनी लगेच फळी पुढे ओढली. "दोघांची."

फॉर्म मी पाकिटात घालत नाहीये. तू पोस्टाने सही करून पाठवशील, तुझा काही भरवसा नाही, वर चौदा पायऱ्या जोडशील. तू ये. तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, फिल्मचा तर मरेपर्यंत जाणार नाही, पण ये. येऊन त्यांच्याशी भांड. नीट विचार, नुसतं मागू नकोस. मला जमलं नाही ते तुला जमलं तर मी तुझी सगळी पापं माफ करीन. आणि नाहीच जमलं, तर माझ्या शेजारी बसून आधी तू सही कर. मग मी करीन.

माझ्या एकटीच्याने ती होत नाही.

ताई